मशीन झालं का, बाबा?

आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खाली "फेकाफेकी" लिहायचंय त्यांनी इथूनच परत जावं. माझं डोकं लवकर फिरतं.

हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. त्याच्या घरात, मागच्या गॅलरीत.

आणि रात्री वगैरे नाही. दुपारी. तीनला दहा मिनिटं कमी असताना. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या... आणि तेव्हा घडलं.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटर, तारा, कप्प्या, यातच त्याचं आयुष्य गेलं. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याच नादात त्याने एकदा एका लॉन्ड्रीवाल्याने टाकून दिलेलं जुनं कपडे धुवायचं मशीन घरी आणलं. मामाच्या वयापेक्षा मोठं मशीन! पांढरं, जाड पत्र्याचं, वरून झाकण. समोर एक गोल चकती, तिच्यावर चाळीसपासून शून्यापर्यंत आकडे. चालू झालं की मशीन सगळं घर हलवायचं.

मामी तेव्हा म्हणाली होती, "अहो, हे कपडे धुतंय की भिंत पाडतंय?"

पण त्यांच्या पोरीला ते मशीन जाम आवडायचं.

टिकली. सहा वर्षांची. सगळे तिला टिकलीच म्हणायचे, मी पण.

मशीन चालू झालं की ती पळत जायची आणि मशीनला पाठ टेकून फरशीवर बसायची. तोंड उघडून लांब "आ" करायची. मशीनच्या हादऱ्याने तो आवाज थरथरायचा.

आ-आ-आ-आ-आ...

स्वतःच हसायची. परत करायची.

आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "बाबा, झालं का?"

कारण आत ढब्बू असायचा. ढब्बू म्हणजे कापडी कासव. मामी पडदे शिवते. तिने उरलेल्या तुकड्यांतून ते शिवलं होतं. हिरवी पाठ, चौकटीचं पोट, एक डोळा काळं बटण, एक निळं. ढब्बूशिवाय टिकली झोपायची नाही. म्हणून तो धुवायला टाकला की ती मशीनपाशी पहारा द्यायची.

मग ती आजारी पडली.

साधा ताप वाटला होता. चौथ्या दिवशी दवाखान्यात ठेवलं. सहाव्या दिवशी तिला उलटी झाली, ढब्बूवरच. तिने तो कोणाला घेऊ दिला नाही. शेवटी मामा म्हणाला, "दे, धुऊन आणतो. एकदम चकाचक."

"लगेच?"

"मशीन झालं की लगेच."

"झालं की लगेच आणायचा हां, बाबा. मला झोप आलीय."

मामा घरी आला. तिचे पाच फ्रॉक, एक उशीचा अभ्रा आणि ढब्बू मशीनमध्ये टाकून चकती फिरवली. त्याने ढब्बू स्वतःच्या हाताने आत टाकला होता, हे लक्षात ठेवा.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला.

मामाने मशीनचा प्लग ओढून काढला आणि धावला.

पोचेपर्यंत... सगळं संपलं होतं.

मशीन मध्येच थांबलेलं राहिलं. आठ दिवसांनी माझ्या आईने त्यातलं पाणी काढलं, कपडे काढले. पाच फ्रॉक. एक अभ्रा.

ढब्बू नव्हता.

आईने ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालून बघितलं. सगळं घर पालथं घातलं. नाही म्हणजे नाही.

तेव्हा मामीने मामाला एवढंच विचारलं, "ढब्बू कुठाय?"



त्यानंतर अकरा वर्षं मामीने मामाला "अहो" म्हणून हाक मारली नाही.

भांडण नाही, आदळआपट नाही. बोलायची, पण भिंतीशी बोलल्यासारखी. "पाणी गेलंय." "जेवण झाकून ठेवलंय." "गॅस संपला." बस. अकरा वर्षं मामा त्या एका हाकेची वाट बघत जेवला, झोपला, कामावर गेला.

मशीन मागच्या गॅलरीत ताडपत्रीखाली पडून राहिलं.

गेल्या वर्षी मामा लिफ्टच्या खड्ड्यात पडला. खांदा गेला, काम सुटलं. माणूस दिवसभर घरात. आणि घरात ते दोघं, मध्ये ती शांतता.

एके दिवशी मामीने भंगारवाल्याला वर बोलावलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "मागचं ते घेऊन जायला सांगायचं."

भंगारवाल्याने एक कोपरा उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरली. "काका, हे मशीन आहे की रणगाडा? उद्या दोन माणसं घेऊन येतो."

"नको येऊस," मामा म्हणाला.

"मग मला चार मजले का चढवलं?"

"व्यायाम झाला तुझा. जा."

तो गेल्यावर मामाने अकरा वर्षांनी ताडपत्री काढली.

चकती एकोणीसवर होती. प्लग ओढला तिथेच.

मामाने ठरवलं, हे मशीन पूर्ण उघडायचं. शेवटच्या बोल्टपर्यंत. लोकांना सांगायला कारण होतं, जुनी वस्तू आहे, नवी करतो. खरं कारण वेगळं होतं. आतला ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यामध्ये फट असते. त्यात मोजे, रुमाल सरकतात. ढब्बूही तिथेच असणार, असं त्याने मनात पक्कं धरलं होतं. तो काढायचा, कसाही असला तरी मामीच्या हातात ठेवायचा आणि सांगायचं, हा बघ... मी हरवला नव्हता.

एवढंच हवं होतं त्याला.

आता मामाची चूक ऐका.

लिफ्टवाल्यांची एक सवय असते. काहीही उघडायच्या आधी ते यंत्र शून्यावर आणायचं. मध्ये अडकलेल्या यंत्रात हात घालायचा नाही. मामाच्या उस्तादाने ही सवय थोबाडीत मारून लावली होती. त्यामुळे मामाने पाना हातात घेतला आणि विचार न करता दुसऱ्या हाताने चकती फिरवायला लागला. जुनी चकती फक्त पुढेच फिरते. मागे फिरवली की आतले दाते तुटतात.

टक. अठरा.

टक. सतरा.

मामाला वाटलं, आत काहीतरी कुरकुरलं. गंज असेल.

टक. सोळा.

परत कुरकुरलं. बारीक.

टक. पंधरा.

टक. चौदा.

आणि झाकणाखालून... अगदी स्पष्ट...

"बा—"

मामाचा हात चकतीवरच थिजला.

गॅलरीत कोणी नव्हतं. मशीनचा प्लग कुठेच लावलेला नव्हता. वायरचं टोक मामाच्या पायापाशी पडलं होतं.

त्याने चकतीवरून हात काढला. चौदावरच ठेवली आणि तसंच मशीन उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा उस्तादाचा शब्द मोडून.

पंधरा दिवस तो खपत होता. एका खांद्याने. मोटर काढून वर्तमानपत्रावर ठेवली. पट्टा कुजला होता. दुकानदाराने तो बोटावर गोल फिरवला आणि म्हणाला, "काका, असला पट्टा मिळायचा तेव्हा माझ्या बापाचं लग्न व्हायचं होतं." शेवटी मामाने शिलाई मशीनवाल्याकडून जाड पट्टा मापाने जोडून घेतला. बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवली. पत्रा पॉलिश पेपरने घासला. गंजाची तांबडी पूड सगळ्या गॅलरीभर.

मग ड्रम बाहेर काढला. ती फट उघडली.

आत एक केसांची पिवळी क्लिप होती. एक शर्टाचं बटण. बोटभर गाळ.

ढब्बू नव्हता.

मामा मला म्हणाला, "त्या दिवशी मी फरशीवर बसलो तो उठलोच नाही. वाटलं, अकरा वर्षं जिथे शोधलं नव्हतं अशी एकच जागा उरली होती. तीही संपली."

दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत गेला, तर मशीनच्या समोरच्या पत्र्यावर आदल्या दिवशीची तांबडी पूड तशीच बसलेली.

फक्त मध्ये एक जागा पुसलेली होती.

खाली रुंद. वर निमुळती. वर एक छोटा गोल.

कोणीतरी पाठ आणि डोकं टेकून बसल्यासारखी.

तो गोल मामाच्या गुडघ्याच्या जरासा वर येत होता...

मामाने फडकं घेतलं नाही. पुसलं नाही. त्या जागेवर हातही लावला नाही.

तो नुसता ड्रम परत बसवत राहिला. ड्रम बसला, पण मोटर अजून वर्तमानपत्रावरच होती. पट्टा खुंटीला.

तीनला दहा कमी झाले.

ड्रम फिरला.

आधी हळू. मग जरा जोरात. रिकामा, कोरडा, मोटरशिवाय. आणि त्याच्याबरोबर...

आ-आ-आ-आ-आ...

मामाच्या हातातला पाना खाली पडला.

मागे दारात मामी उभी होती. हातात पडद्याचं कापड, तोंडात टाचण्या. तिने एकेक टाचणी तोंडातून काढली.

"अहो..." ती म्हणाली.

अकरा वर्षांनी.

"अहो, टिकली."

ड्रम थांबला. मामी मशीनकडे धावली, आत डोकावली, पत्र्यावर हात आपटले. "बोल ना! टिकली! अगं बोल ना!"

काही नाही. नुसता रॉकेलचा वास.

मामा म्हणाला, "थांब. मी जोडतो."

त्या रात्रभर त्याने काम केलं असं मी खोटं सांगणार नाही. त्याचा खांदा तुटत होता. पण पुढचे दोन दिवस मामी त्याच्याबरोबर बसली. ती बॅटरी धरायची, तो नट आवळायचा. तो "पक्कड" म्हणायचा, ती कात्री द्यायची. "ही पक्कड आहे?" "मग सांगा ना नीट, लाल दांड्याची!" मामा हसला. खूप वर्षांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

रविवारी तीनला दहा कमी असताना मामाने प्लग लावला. पाणी जोडलं नव्हतं. ड्रम रिकामा, दोघांनी डोळ्यांनी बघितलेला. मामी मशीनला पाठ टेकून फरशीवर बसली. जशी टिकली बसायची तशी.

मशीन धडधडलं. अख्खी गॅलरी हलली.

आ-आ-आ-आ-आ...

मामी सांगते, आवाज मशीनमधून नव्हता. तिच्या बाजूने होता. खांद्याच्या खालून. आणि दंडाला काहीतरी ऊबदार टेकलं होतं.

मग आवाज थांबला.

"आई... झालं का?"

टक. तेरा.

मामाने प्लग ओढला.

"का बंद केलं!" मामी अंगावर धावून गेली. मामाने चकतीकडे बोट दाखवलं.

तिला कळायला वेळ लागला नाही. एकोणीसवर अडकलेलं ते धुणं अजून पूर्ण झालं नव्हतं. टिकली त्याचीच वाट बघत बसली होती. अकरा वर्षं. आणि आता तेरा मिनिटं उरली होती.

"परत चाळीसवर नेलं तर?" मामी म्हणाली.

"शून्यावरून जावं लागेल. आणि ते दुसरं धुणं होईल. तिचं हेच."

मग त्यांनी ठरवलं. दर रविवारी एक मिनिट. जास्त नाही.

माझा राग येईल तुम्हाला, पण मी सांगते, मीही तेच केलं असतं.

मामी आठवडाभर तयारी करायची. काय बोलायचं ते मनात घोळवायची. आणि रविवारी तीनला दहा कमी असताना त्या एका मिनिटात नेमकं विसरायची. एका रविवारी नुसती रडली, मिनिट संपलं. एका रविवारी विचारलं, "भूक लागलीय का गं?" उत्तर आलं नाही. दर वेळी आधी तो थरथरणारा "आ", मग तोच प्रश्न.

"झालं का?"

आणि दर वेळी मामी म्हणायची, "थोडंच राहिलंय, राणी. थोडंच."

बारा. अकरा. दहा. नऊ. आठ. सात.

मामा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "मधल्या दिवसांत ती मला अहो म्हणायची, चहाला हाक मारायची. मी सुखात होतो गं. पोरीला ताटकळत ठेवून मी सुखात होतो."

सातव्या रविवारी "आ" आलाच नाही.

मशीन धडधडत होतं. मामी पाठ टेकून बसलेली. मामाचा हात प्लगवर. पाऊण मिनिट गेलं...

एक जांभई ऐकू आली.

लहान पोराची, तोंड पूर्ण उघडून दिलेली जांभई. हादऱ्याने थरथरणारी.

"आई... मला झोप आलीय. झालं का?"

टक. सहा.

मामा प्लग ओढणार, तेवढ्यात मामीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, सहा उरलीत! सहा रविवार!"

"राहू दे, अहो."

"वेडी झालीस का? परत नाही येणार ती!"

"तिला झोप आलीय म्हणतेय!" मामी ओरडली. "सहा वर्षांची पोर आहे ती. किती जागवायचं तिला? आपल्यासाठी?"

टक. पाच.

मामाची बोटं प्लगवर आवळलेली होती. पिन अर्धी बाहेर आली होती, तो सांगतो. एक झटका पुरला असता.

त्याने हात काढला. मामीच्या शेजारी येऊन खाली बसला, मशीनला पाठ टेकून. दोघांनी मध्ये जागा ठेवली. एवढीशी.

चार. तीन.

शेवटी ड्रम जोरात फिरायला लागला, कपडे पिळायच्या वेळी फिरतो तसा. रिकामा असून जड फिरत होता. आत काहीतरी होतं. थप... थप... थप...

दोन.

मधल्या जागेतून परत सुरू झालं. आ-आ-आ-आ-आ. मोठ्याने. हसत. मामीनेही तोंड उघडलं. मामानेही. तिघांचा आवाज थरथरत होता. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, दार वाजवलं. तिला वाटलं, कोणी मेलं.

एक.

"झालं का, बाबा?"

मामा म्हणाला, "झालं, बाळा. आणतो लगेच."

टण्ण.

मशीन थांबलं. मधली जागा गार पडली.

मग मामाने झाकण उघडलं.

ड्रमच्या तळाशी ढब्बू होता.

हिरवी पाठ. चौकटीचं पोट. एक डोळा काळा, एक निळा. ओला, पिळून निघालेला. त्याला त्या वेळच्या साबणाचा वास होता. तो साबण आता कुठल्या दुकानात मिळत नाही.

मामाने तो उचलून मामीच्या हातात ठेवला. "हा बघ," एवढंच म्हणाला. पुढचं ठरवलेलं बोलताच आलं नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले. चकती शून्यावर आहे, आता ती हलत नाही. मामाने सगळे उपाय केले. ते मशीन परत चालणार नाही.

एक गोष्ट मामीला माहीत नाही. मामाने फक्त मला सांगितलंय, आणि मामी असलं काही वाचत नाही म्हणून मी लिहितेय. ती पहिली पाच मिनिटं. टक, टक, टक, टक, टक. सवयीने, विचार न करता फिरवलेली.

"ती कुरकुर गंजाची नव्हती," मामा म्हणाला. "ती बोलत होती. पाच मिनिटं बोलत होती आणि मी पाना शोधत होतो. काय म्हणाली असेल गं?"



गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारची वेळ. मागच्या गॅलरीत दोरीवर ढब्बू होता, दोन चिमटे लावून. त्या रविवारी मामीने वाळत घातला तो तिथेच. त्याच्या शेजारी मामाचा शर्ट कडक वाळला होता. चादरी वाळल्या होत्या. ऊन तर असं की फरशीवर पाय ठेवता येत नव्हता.

मी ढब्बूच्या पोटाला अंगठा लावला.

ओला.

जरा दाबला, तर एक थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. गार नव्हता तो... कोमट होता.

मी हात ओढणीला पुसला. अजून पुसते कधीकधी, मध्येच, काही नसताना.

आतून मामीचा आवाज आला, "अहो, वाळला का?"

मामा गॅलरीत आला. दोन बोटांनी ढब्बूची पाठ चाचपली. घड्याळात बघितलं. तीनला दहा कमी होते.

"नाही अजून," तो म्हणाला.

"बरं," मामी म्हणाली. "राहू दे मग."